तक्रारदार समाधानी आहे

नाही हो, बावीस नव्हे, तेवीस! दोन हजार तेवीस साल, हिवाळा नुकता लागलेला, सकाळी स्वेटर अंगात आणि दुपारी तोच खांद्यावर, असे दिवस. साल पक्कं ध्यानात ठेवा, कारण चौकीतल्या साहेबाने तिथेच घोळ घातला. बावीस लिहिलं, आणि त्यांचा तो संगणक म्हणाला, बावीस साली बाई जिवंत होती, जिवंत बाईने आपल्या नवऱ्याला मेसेज पाठवला, यात गुन्हा कोणता? आता बोला! मी म्हटलं, साहेब, माझी बायको तेवीसच्या उन्हाळ्यात गेली. मेसेज हिवाळ्यात आलाय. साहेब म्हणाला, "काळजी करू नका काका, कायदा आहे."

कायदा आहे! तुम्हाला सांगतो, हे दोन शब्द मी इतक्या वेळा ऐकलेत, इतक्या वेळा ऐकलेत, की त्याचा रबरी शिक्का करून द्यावा साहेबाला, बोलायचे श्रम तरी वाचतील. करून देता आला असता मला. तोच माझा धंदा. शिक्के. मी चार इयत्ता शिकलो, पण अख्ख्या गावातल्या कचेऱ्यांनी काय मंजूर केलं आणि काय नामंजूर केलं ते माझ्या हाताने केलंय. अक्षर उलटं कोरायचं, रबर यंत्रात भाजायचं, लाकडी मुठीवर चिकटवायचं. मी उलटं वाचतो. सुलट वाचायला जरा वेळ लागतो. आता कोण करतं शिक्के? सगळं संगणकावर. असो. धंदा बसला, पण बाजारात मी कोणाचा पैसा ठेवला नाही. रबरवाला, लाकूडवाला, घरमालक, विचारा कोणालाही. देणं ठेवून मरणाऱ्यातला मी नव्हे.

तर सगळं त्यातूनच झालं. देणं ठेवायचं नाही, यातून.

आमची ही गेली. गेली ती गेली. मी रडत बसलो नाही. मी तिचे हिशेब मिटवले. दूधवालीचं मिटवलं, औषधाच्या दुकानाचं मिटवलं, आणि राहिला तिचा फोन. लोक म्हणाले, "राहू दे हो, कोण विचारतंय." मी विचारतो! माणूस गेलं आणि त्याचा नंबर चालू, हे काय? रीतसर बंद करायचा. म्हणून मृत्यूचा दाखला घेऊन गेलो फोन कंपनीच्या दुकानात. काचेमागे एक मुलगी. केस एका बाजूला, बोलणं दुसऱ्या बाजूला. "सर, नंबर बंद का करताय? आपल्याकडे कमी पैशांत छान योजना आहे."

म्हटलं, "कोणासाठी?"

"मॅडमसाठी."

"मॅडम गेल्या."

"अरेरे. मग वर्षाची घ्या ना सर, तीच स्वस्त पडते."

 दाखला ठेवला तिच्यापुढे. तिने वाचला, चेहरा पाडला, अर्जावर शिक्का मारला. 'बंद'. आणि तो शिक्का मी ओळखला. 'द'चा पाय जाड आलाय, कोरताना माझी पाती सरकली होती, तो माझ्याच दुकानातला शिक्का. माझ्या शिक्क्याने माझी बायको बंद झाली, आणि मी वर सही पण केली, आणि शेवटचं बिल भरलं, आणि ताठ मानेने घरी आलो. कोणाचं काही ठेवलं नाही!

मी नंबर बंद केला, आणि ही चालू झाली.

दुकानात बसलो होतो. रबर कापत होतो. फोन किणकिणला. बघतो तर तिचा फोटो, तिच्या नंबराला लावलेला असायचा तोच. गच्चीवरचा. हातात झाडांना पाणी घालायची झारी, उन्हामुळे एक डोळा बारीक केलेला, आणि खालच्या कोपऱ्यात माझा अंगठा. फोटो मीच काढलेला ना, मला कुठे धड काढता येतो. तोच फोटो, तोच नंबर, आणि मी... लाज वाटते सांगायला, पण सांगतो... मी "आलो आलो" म्हणून खुर्चीतून उठलो. उभा राहिलो. तिने हाक मारली की उठायचं, ही अंगाची सवय, त्यात डोक्याचं काही काम नाही. हातात पाती, समोर भिंत, आणि मी उभा. मग हळूच बसलो. दुकानात कोणी नव्हतं हे एक बरं.

मग वाचलं. "नमस्कार. कसे आहात? मी जरा अडचणीत आहे. थोडी आर्थिक मदत मिळेल का? लवकरच परत करते."

नमस्कार! अहो, उभ्या संसारात या बाईने मला नमस्कार म्हटलं नाही! "अहो" म्हणायची, आणि त्या एका "अहो"चे बावीस प्रकार होते. आणि आर्थिक? हा शब्द तिच्या तोंडात मावला नसता. आणि मुख्य म्हणजे, हिला लिहिता येत नव्हतं हो! बोटाने बटण दाबून बोलायची, बोललेलं पाठवायची, "अहो, येताना लिंबं आणा, पिवळी बघून आणा, मागच्यासारखी आणू नका." आणि आता मेल्यावर शुद्धलेखन सुधारलं? वेलांटीसकट?

मी काही उत्तर दिलं नाही. पण फोन ठेवला पण नाही. तिच्या नावाखाली बारीक अक्षरं आली. 'टाइप करत आहे'. थांबली. पुन्हा आली. 'टाइप करत आहे'. तुम्हाला सांगतो, मी भुताखेताला भिणारा माणूस नाही, पण ती अक्षरं बघून मानेवरचे केस उभे राहिले. ज्या बाईने आयुष्यात एक ओळ लिहिली नाही ती पलीकडे बसून लिहिते आहे... माझ्याकरता लिहिते आहे... काय लिहिते आहे? बोटं चालवते आहे कुठेतरी... आणि पुढे काहीच आलं नाही.

गेलो तडक फोन कंपनीत. तीच मुलगी. "सर, नियमाप्रमाणे बंद झालेला नंबर काही दिवसांनी पुन्हा विक्रीला जातो."

"माणसाचं नाव विकता?"

"नाव नाही सर, नंबर. नाव ज्याचं त्याने लावायचं. आणि फोटो पण ज्याचा त्याने लावायचा."

"दुसऱ्याच्या मेलेल्या बायकोचा?"

"त्याच्यासाठी पोलीस आहेत, सर. आता कायदा आहे."

म्हणून चौकीत. सायबर विभाग म्हणजे काय वाटलं तुम्हाला? मला वाटलं काचेची खोली असेल, पडदे असतील, पन्नास पोरं बसली असतील. जिन्याखाली टेबल. टेबलावर एक संगणक, संगणकाला चिकटवलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर त्याचा पासवर्ड. मी वाचला. सुलट होता तरी वाचला. साहेबाला म्हटलं, हे झाकून ठेवा. म्हणाला, "काका, झाकलं की आम्हीच विसरतो." साहेब कोवळा. मिशी अजून पक्की झालेली नाही. पण बोलायला गोड, खोटं कशाला सांगू. चहा पाजला. मग एक जाडजूड पुस्तक काढलं, नवंकोरं, पानं एकमेकांना चिकटलेली. "हा बघा कायदा. परदेशातले जाणकार आले होते, त्यांच्या मदतीने केला. तोतयागिरी, कलम. फोटोचा गैरवापर, कलम. सात वर्षांची कैद आहे!"

म्हटलं, "कोणाला झाली?"

"काय?"

"कैद. कोणाला झाली?"

साहेब विचारात पडला. खरंच विचारात पडला. म्हणाला, "अजून तसा कोणी... पण कायदा आहे."

मग तक्रार भरली. साल चुकलं ते मघाशी सांगितलं. ते सुधारलं. मग संगणक म्हणाला, ज्या नंबरची तक्रार आहे त्या नंबरवर ओटीपी पाठवलाय, तो इथे टाका. कुठे पाठवला? त्या नंबरवर! म्हणजे चोराला! साहेब म्हणाला, "पद्धतच आहे तशी. खात्री करून घ्यायला." कोणाची खात्री? चोराची? दोघं बसलो बघत. मी म्हटलं, आता काय? तर म्हणाला, "थांबू जरा." कशासाठी थांबायचं? चोर फोन करून आकडे सांगेल म्हणून? पण थांबलो. चहा आणखी एक झाला. शेवटी साहेबाने कुठल्या तरी मागच्या दाराने तक्रार आत ढकलली. पावती निघाली. म्हटलं, शिक्का मारा. म्हणाला, "काका, डिजिटल आहे, शिक्का लागत नाही." शिक्का नाही! तिथेच माझं मन खचलं.

आणि पुढच्या आठवड्यात काय झालं ऐका. साहेबाचा फोन. "काका, अभिनंदन, तुमची तक्रार निकाली निघाली!"

"पकडला?"

"पकडला नाही. निकाली निघाली. तुम्हीच अभिप्राय दिलाय ना? 'कामावर समाधानी असल्यास एक दाबा.' तुम्ही एक दाबलंय."

"मी काही दाबलेलं नाही."

"नोंद आहे. तक्रारदार समाधानी आहे."

कळलं का तुम्हाला? अभिप्राय विचारणारा मेसेज पण त्याच नंबरवर गेला! चोराने वाचला, चोराने एक दाबलं. चोर समाधानी! या देशात कायद्यावर समाधानी असलेला मला माहीत असलेला तो एकच माणूस.

हसताय? हसा. मी पण हसलो असतो. पण संध्याकाळी घरी आलो, फोन फळीवर ठेवला, आणि फोन बघत बसलो. कारण तिच्या नावाखाली 'ऑनलाइन' दिसायचं. कधी दिसायचं, कधी जायचं. दिसलं की वाटायचं, आता कोणाच्या दारात उभी आहे ही? कोणापुढे? अहो, जिने शेजारी वाटीभर साखर मागितली नाही, पाहुणे आले तर स्वतः बिनसाखरेचा चहा प्यायली, तिने मेल्यावर हात पसरावा? दारोदार? माझं नाव लावून? मला पैशाचं काही नव्हतं. मला तिचा हात आवरायचा होता. बास. एवढंच मागणं होतं कायद्याकडे.

नंबराबरोबर हिचे जुने ग्रुप पण चोराच्या हाती गेले, त्यातून त्याला आमची माणसं सापडली. एक नर्सबाई होती, दवाखान्यात हिची शुश्रूषा केलेली, नंतर बदली होऊन लांब गेली. तिला ही गेल्याचं ठाऊक नव्हतं. तिने दिले पैसे. मला कळलं तेव्हा मी जाऊन परत केले. साहेब खूश झाला, "वा काका, ही खरी फसवणूक! आणा त्यांना!" नर्सबाई येईना. "मी शिकलेली बाई, काका, लोक काय म्हणतील? वॉर्डात हसतील." फसली ती येत नाही. मग राहिली धाकटी.

धाकटी म्हणजे हिची धाकटी बहीण, माझी मेहुणी. तिने पण दिले. आणि धाकटीला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? हिला शेवटची आंघोळ धाकटीने घातली. तिनेच हिचे केस विंचरले. तरी दिले! मी चिडलो. तिच्या घरी गेलो, दारातच सुरू केलं. "अगं, डोकं ठिकाणावर आहे का? तुला माहीत होतं ना?"

"माहीत होतं, भाऊजी."

"मग?"

"ताईने जन्मात पहिल्यांदा काही मागितलं. नाही कसं म्हणू?"

"ती ताई नव्हती!"

"हो. ते पण माहीत होतं. तुम्ही आत या आधी, चपला काढा."

तुम्हीच सांगा, या बाईपुढे काय बोलणार! पण धरून आणली चौकीत. साहेबाने सगळं लिहून घेतलं, नीट, साल बरोबर. मग पेन थांबलं. "मावशी, पैसे पाठवताना तुम्हाला वाटलं का, की हे तुमची बहीणच मागते आहे?"

"नाही हो. ती तर गेली."

"मग तुमची फसवणूक झाली नाही."

मी म्हटलं, "काय?"

साहेबाने ते पुस्तक उघडलं, तोपर्यंत पानं जरा मोकळी झाली होती, आणि बोट ठेवून वाचलं. "फसवणुकीला समोरचा फसावा लागतो, काका. मावशी फसल्याच नाहीत. त्यांनी समजून उमजून दिले. हे दान धरलं जाईल."

"चोराला दान?"

"कायदा आहे."

बघा म्हणजे! जी फसली ती येत नाही, जी आली ती फसलेली नाही, आणि जिच्या नावाने सगळं झालं ती साक्षीला येऊ शकत नाही. बरं, कोणी पकडला नाही असं म्हणू नका हं. पकडला! ज्या खात्यात पैसे गेले त्या खात्याचा मालक धरून आणला. बाकावर बसवला होता. हमाल. पोत्यांमुळे एक खांदा खाली गेलेला. त्याने आपलं खातं भाड्याने दिलं होतं. खातं भाड्याने! कोणीतरी चहाच्या टपरीवर भेटला, म्हणाला तुझं बँकेचं पुस्तक दे, कार्ड दे, दर महिन्याला भाडं घे. दिलं. त्याला माझ्या बायकोचा फोटो दाखवला, तर माझ्याकडे बघून म्हणाला, "बाई चांगली वाटते." आणि खरा चोर? साहेब म्हणाला, परदेशात. तिथला कायदा वेगळा. पत्र गेलंय. पत्राला उत्तर यायचं तर दोन्ही देशांत करार हवा, करार झाला नाही, करार होईल. "पण आपल्याकडे कायदा आहे, काका." आपल्याकडे कायदा, त्यांच्याकडे चोर!

हमालाकडे बघून मला राग आला नाही, याचाच जास्त राग आला.

परत येताना धाकटीला म्हटलं, तुझे पैसे मी देतो. माझ्या घरच्या नावाने गेलेत. तर नाही म्हणाली. पुन्हा म्हटलं, नाही म्हणाली. मी चढ्या आवाजात म्हटलं, अगं घे, मी कोणाचं ठेवत नाही! भर रस्त्यात. लोक बघायला लागले. धाकटी थांबली. पदर सारखा केला. हळू आवाजात म्हणाली, "भाऊजी, ताईची साखळी?"

बास. एवढंच म्हणाली.

तुम्हाला म्हणून सांगतो. शिक्के भाजायचं ते यंत्र. ते घ्यायला माझ्याकडे तेव्हा पैसे नव्हते. हिने गळ्यातली साखळी काढून दिली, माहेरची, धाकटीला आणि हिला एकसारखी केलेली. मी म्हटलं, वर्षात करून देतो. ही म्हणाली, राहू द्या. पुढच्या वर्षी म्हटलं, देतो. म्हणाली, राहू द्या. मग मी म्हणायचं सोडलं आणि तिने राहू द्या म्हणायचं सोडलं. मी 'बाजारात कोणाचं ठेवलं नाही' म्हणतो ना, ते 'बाजारात' उगाच नसतं. धाकटीच्या गळ्यात तिची साखळी अजून आहे. मी कधी बघत नाही तिकडे. बोलतो ते तिच्या कपाळाकडे बघून बोलतो.

धाकटीला तिच्या वळणावर सोडलं आणि दुकानात आलो.

आणि मग काही दिवसांनी, दुपारची वेळ, धाकटी डबा घेऊन दुकानात आलेली. फोन किणकिणला. तोच फोटो, तोच बारीक डोळा, तोच माझा अंगठा. "कसे आहात? तुम्ही काही उत्तर दिलं नाही. मला खरंच गरज आहे." अहो, त्या चोराने हे असंच दहा जणांना पाठवलं असणार, मला अक्कल आहे तेवढी. मी फसलो नाही. एक क्षण फसलो नाही. पण धाकटीने वाचलं, मी वाचलं, आणि दोघांपैकी कोणी हसलं नाही. बाहेर एक ट्रक माघारी वळत होता, त्याचं ते टूंऽ टूंऽ चाललेलं. खाली बारीक अक्षरं आली. 'टाइप करत आहे'. बारीक अक्षरं थांबली. पुन्हा आली.

मी म्हटलं, "धाकटे, साखळी केवढी होती?"

तिने आपल्या गळ्याशी हात नेला. बोटांत धरून वजन केल्यासारखं केलं. सांगितलं.

"आजच्या भावाने किती होतील?"

ते पण सांगितलं. सोनार कापतो ती घट धरून सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

यंत्र विकून आलेले पैसे होते खात्यात. हो, यंत्र विकलं मी, त्याच्या आदल्या महिन्यातच, भंगारवाल्याने नेलं, वर थोडे साठवलेले होते. मला ते फोनवरून पाठवायचं जमत नाही. धाकटीला जमतं. तिने नंबर घातला, रक्कम घातली, चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं.

"भाऊजी, हे चोराला जाणार आहेत."

"माहीत आहे."

"ताईला नाही."

"माहीत आहे म्हटलं ना! मागणाऱ्यावर नावाची पाटी कोणाची आहे? तिची. मागितलंय कोणी? तिने कधी मागितलं नव्हतं, आज तिच्या नावाने मागितलंय. मी दुसरीकडे कुठे नेऊन देऊ? पत्ता आहे तुझ्याकडे?"

 धाकटीने डोळे पुसले, आणि म्हणाली, "पाठवू?"

"पाठव."

पाठवले. टिंग वाजलं. पलीकडून लगेच आलं, "धन्यवाद." मग पुन्हा 'टाइप करत आहे', आणि मी दोन्ही हातांत फोन धरून बसलो, की आता काहीतरी... काय, ते मला पण ठाऊक नाही... "राहू द्या" म्हणेल, असं काहीतरी. अक्षरं थांबली. फोटो गेला. झारी गेली, बारीक डोळा गेला, अंगठा गेला. तिथे एक करडा गोळा आला, चेहरा नसलेला. 'ऑनलाइन' पण पुन्हा कधी आलं नाही. एवढी मोठी रक्कम मिळाल्यावर चोराने नंबर टाकून दिला असणार. साधं आहे.

साहेबाला बँकेतून कळलं. धावत आला बिचारा, टोपी काखेत. "काका! तुम्ही? तुम्ही तर मला कायदा शिकवत होता!" बाकावर बसला, कागद काढला, पेन काढलं. "ठीक आहे, मोठी रक्कम आहे, आता केस घट्ट होईल. फक्त एक सांगा. पाठवताना तुम्हाला माहीत होतं का, की त्या काकू नाहीत?"

"माहीत होतं."

साहेबाने पेनाला टोपण लावलं. "मग काका, ही फसवणूक होत नाही."

म्हटलं, "नाहीच, साहेब. फेड होती. फिटली."